वस्तीवर की वस्तीत

"स्वतःच्या तोंडात स्वतःची जीभ ठेवायचीसुद्धा सोय राहिली नाही," वन्सं पुटपुटल्या. मी त्यांच्या गळ्यापाशी माइकची पिन लावून बघत होते, म्हणून एवढं तरी ऐकू आलं. माइक बंद आहे ना, ते मी पुन्हा एकदा पाहिलं. गेल्या दोन दिवसांत आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा पाहिली गेलेली गोष्ट तीच होती.

प्रचाराचं कार्यालय म्हणजे एक बंद पडलेलं चपलांचं दुकान. भिंतीवर अजून मापांचे कप्पे होते, सहा, सात, आठ, आणि त्यांत आता पत्रकं रचून ठेवलेली. पत्रकावर वन्संचा फोटो आणि खाली 'आपली चावीताई'. हे नाव काही पक्षाने दिलेलं नाही, ते आधीपासूनच होतं. पाणीपुरवठा खात्यात वन्सं बावीस वर्षं चावीवर होत्या. चावीवर म्हणजे रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, आत लांब दांडीची चावी घालायची आणि ठरल्या वेळी या भागाचं पाणी सुरू, त्या भागाचं बंद करायचं. त्या कामावर बाई अशा त्या एकट्याच. सुरुवातीला लोक थांबून बघायचे. पुढे पुढे त्या लांबून दिसल्या तरी भांडी घेऊन बाहेर यायचे.

मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको. माझं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, भाड्याचे करार, नोकरीसाठीची माहिती, असलं सगळं. शाळा लवकर सुटली, पण पंचवीस वर्षं दुसऱ्यांचं लिहिलेलं टाइप करता करता मला एक विद्या आली. माणूस कागदावर कुठला शब्द टाळतोय, ते मला कळतं. वन्संना तिकीट मिळायचं ठरलं तेव्हा भाषणं टाइप करायचं काम माझ्याकडे आलं ते न मागताच.

तर परवा काय झालं ते सांगते. बाजारातली सभा होती, गर्दी बरी होती. मी कागदावर स्वच्छ मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं, 'निवडून आले तर मी खालच्या वस्तीत रोज पाणी सोडीन.' वन्संनी वाचता वाचता चष्मा कपाळावर सरकवला. त्यांनी चष्मा वर केला की समजावं, आता बाई मनाचं बोलणार. आणि त्या ठासून म्हणाल्या, "निवडून आले तर मी खालच्या वस्तीवर रोज पाणी सोडीन."

'त'च्या जागी 'वर', बस, एवढंच. आणि चावीवाल्यांच्या बोलण्यात त्यात काही चूकही नाही. ते लायनीवर पाणी सोडतात, टाकीवर सोडतात, भागावर सोडतात. पण बाकीचं जग कशाकशावर पाणी सोडतं ते आपल्याला ठाऊक आहे. नोकरीवर, हिश्शावर, आशेवर.

मग मागून कोणीतरी म्हणालं, "नवीन काय त्यात?" आणि असा हशा पिकला की स्टेजवरच्या खुर्च्यासुद्धा हलल्या.

आठ सेकंदांचा तो तुकडा जेवणाच्या वेळेपर्यंत गावातल्या प्रत्येक फोनवर गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयाच्या दारात एक रिकामी बादली येऊन बसली. दुपारपर्यंत त्या अकरा झाल्या. प्रत्येक बादली खालच्या वस्तीतून आलेली, आणि आणून ठेवणाऱ्या बाया काही न बोलता परत जायच्या. एक बादली तळ फुटलेली होती. वन्संनी ती उचलून उजेडात धरली आणि म्हणाल्या, ही बाई भारीच रागावलेली दिसते.

खरं तर यंदाच्या निवडणुकीत जिभा सगळ्यांच्याच घसरत होत्या. समोरचे उमेदवार निवृत्त मास्तर. नवी शाळा काढायचं आश्वासन देताना ते भर चौकात म्हणाले होते, मला निवडून द्या, एकेकाला धडा शिकवतो. आमच्या पक्षाचे साहेब तर त्यांच्याही पुढे. रस्त्यावरच्या नव्या खांबांखाली उभं राहून त्यांनी हात पसरून विचारलं होतं, पाच वर्षांत आम्ही काय दिवे लावलेत, ते तुम्हाला दिसत नाहीत का? तेव्हाही लोक हसले, म्हणजे आधी आजूबाजूला बघून घेतलं आणि मग हसले. दोन दिवसांत सगळे विसरूनही गेले. मास्तरांच्या दारात कोणी फुटकी पाटी नेऊन ठेवली नाही. साहेबांच्या दारात कोणी गेलेला बल्ब टाकला नाही. मग वन्संचा एक 'वर' एवढा का झोंबावा, हा प्रश्न कार्यालयात प्रत्येकाला पडला होता आणि त्याचं उत्तर प्रत्येकाला येत होतं. म्हणून तर कोणी तो विचारत नव्हतं.

पाण्याची गोष्ट अशी आहे. ती मला वन्संनीच लग्नानंतर पहिल्या वर्षी समजावली होती, भातुकली मांडावी तशी दोन वाट्या आणि एक नळी घेऊन. पाणी आपणहून उताराकडे धावतं. आमच्या गावात एक टेकडी आहे आणि टेकडीच्या पायथ्याशी खालची वस्ती. पाणी मोकळं सोडलं तर ते आधी खालच्या वस्तीत जाणार. टेकडीवर चढवायचं तर खालची चावी आवळावी लागते. खात्याच्या फळ्यावर दोन्ही भागांना एक दिवसाआड दोन-दोन तास लिहिलेले आहेत. प्रत्यक्षात खालच्या वस्तीला पाव तास पाणी येतं, तेही करंगळीएवढं. खालचे लोक म्हणायचे, प्रेशर नाही. टेकडीवरचे म्हणायचे, पाइप जुने झालेत. खातं म्हणायचं, बघतो. आमच्या घरात आम्ही काहीच म्हणायचो नाही.

आमचं घर टेकडीवर आहे.

साहेबांच्या चार इमारतीही टेकडीवरच आहेत. साहेब पंधरा वर्षं या वॉर्डाचे नगरसेवक. यंदा त्यांना वरची, मोठी निवडणूक लढवायची होती, म्हणून हा वॉर्ड त्यांनी वन्संना देऊ केला. खालच्या वस्तीची मतं हवी होती आणि खालच्या वस्तीत प्रत्येक दाराला ओळखीचा चेहरा एकच होता. वन्सं महिनाभर नाही म्हणत होत्या. मग एका दुपारी माझ्या दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, राहते उभी. चेंबरमध्ये वाकून जे जमलं नाही, ते खुर्चीत बसून तरी जमेल. मी विचारलं नाही की काय जमलं नाही. मी अर्जाचा कागद मशीनला लावला.

तर आता माफीनामा. संध्याकाळी खालच्या वस्तीत, शाळेच्या पटांगणात सभा होती आणि तिथे वन्संनी माफी मागायची असं ठरलं. मसुदा करायला प्रचारप्रमुख बसले. त्यांना सगळे पेन्सिल म्हणतात. उंच, किडकिडीत माणूस, कानावर कायम पेन्सिल, आणि बोलणंही तसंच, खोडून पुन्हा लिहिता येईल असं.

पहिल्या मसुद्यात त्यांनी 'विपर्यास' घातला. वन्संनी त्याचा अर्थ विचारला. पेन्सिल म्हणाले, सरळ बोलण्याचा वाकडा अर्थ काढणं. वन्सं म्हणाल्या, पण लोकांनी तर सरळच अर्थ काढला. तो गेला. दुसऱ्यात 'अनवधानाने' आलं. ते वन्संना चार वेळा म्हणता आलं नाही, पाचव्यांदा आलं तेव्हा त्यांनाच हसू फुटलं. तोही गेला. तिसऱ्यात 'कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास' होतं.

"असल्यास काय?" वन्सं म्हणाल्या. "अकरा बादल्या आल्यात."

चौथ्या मसुद्यात मग सगळा दोष जिभेवर टाकला. 'परवाच्या सभेत माझी जीभ घसरली. मी आपल्या वस्तीची लेक आहे. लेकीला पदरात घ्या.' मी चारही कागद टाइप केले. चौथा मशीनमधून काढताना माझ्या लक्षात आलं, चारांपैकी एकातही पाणी हा शब्द नव्हता.

ते मी बोलून दाखवणार तोच साहेब आले. ते आले की पेन्सिल उभे राहतात, आणि साहेब बसा म्हणेपर्यंत अर्धवट वाकून थांबतात. साहेबांनी मसुदा वाचला, छान झालाय म्हणाले, चहा मागवला. माझ्या टायपिंगचंही कौतुक केलं, एकही चूक नाही म्हणाले. मग वन्संकडे वळून, घरातल्या मोठ्या माणसाने सांगावं तशा आवाजात म्हणाले:

"ताई, तुमच्या उमेदवारीचं पक्षाचं पत्र उद्या दुपारपर्यंत द्यायचंय. ते अजून माझ्या खिशात आहे. आज एवढं वाचा आणि खाली बसा. बाकीचं निवडून आल्यावर बघू."

एवढं बोलून त्यांनी छातीवरच्या खिशावर दोन बोटं टेकवली. ते पत्र आलं नाही तर वन्सं उमेदवारच राहणार नव्हत्या. हे त्यांनी सांगितलं नाही, आम्हाला कळलं.

'बाकीचं' म्हणजे काय, हे वन्संनी विचारलं नाही. बाकीच्यासाठीच तर त्या उभ्या राहिल्या होत्या.

दुपारी आम्ही दोघी घरी आलो. नवरा घड्याळं दुरुस्त करतो, खिडकीशी त्याचं टेबल आहे. डोळ्याला भिंग तसंच ठेवून तो म्हणाला, ताई, वाच आणि मोकळी हो. एका कागदाने तुझं काय जातंय? मी ताटं वाढली. जेवायला बसलो आणि वर गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली. नेहमीचीच गोष्ट. पाणी पन्हाळीतून खाली पडायला लागलं की नवरा उठतो आणि कॉक बंद करतो. आज तो उठला नाही. मीही उठले नाही. तिघं जण घास हातात घेऊन बसून राहिलो आणि बाहेर बदाबदा पाणी पडत राहिलं. मग वन्सं उठल्या, जिना चढून वर गेल्या आणि कॉक फिरवून आल्या. येऊन हात धुतले आणि मला म्हणाल्या, "वहिनी, तू कागदावर 'वस्तीत' लिहिलं होतंस. तुला काय वाटतं, बरोबर काय होतं?"

मी म्हटलं, जेवून घ्या, गार होतंय.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी साडेचारला पटांगण भरलं, पण खुर्च्यांवर फारसं कोणी बसलं नव्हतं. पाचला पाण्याची पाळी होती. बाया बादल्या घेऊनच आल्या होत्या आणि त्या पालथ्या घालून त्यांवर बसल्या होत्या. पुरुष भिंतीला टेकून उभे. स्टेजवर मधोमध साहेब, त्यांच्या डाव्या हाताला वन्सं. नवराही आला होता, फाटकापाशी, आपण इथले नाही असं दाखवत. मी स्टेजच्या बाजूला, आवाजाच्या पेटीशी. पिन लावायची, बटण दाबायचं, आवाज कमी-जास्त करायचा, हे काम माझ्याकडे होतं, आणि पेन्सिल माझ्या मागे उभे होते.

वन्सं पुढे आल्या. चष्मा नाकावर होता. कागदाची घडी उलगडली, सरळ केली, पुन्हा सरळ केली. पहिल्या रांगेत इस्त्रीवाली मावशी बसली होती. सत्तरी ओलांडलेली, मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याच्या जुन्या खुणा. तिला तेवढा वेळ नव्हता.

"वाच की पटकन," ती म्हणाली. "पाचला पाव तास येतं. तुझी माफी भरून ठेवायला माझ्याकडे भांडं नाही."

सगळं पटांगण हसलं. साहेबही हसले, आणि मावशीला हात जोडून दाखवले. वन्सं हसल्या नाहीत. त्या वाचायला लागल्या.

"परवाच्या सभेत माझी जीभ घसरली."

पुढची ओळ आली नाही. मला वाटलं, शब्द अडला. मी ओठांनी पुढचे शब्द दाखवले, मी आपल्या वस्तीची लेक. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी कागद होता तसा घडी करून स्टेजवरच्या टेबलावर ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून वर पाण्याचा ग्लास ठेवला, आणि मावशीला विचारलं की फळ्यावर किती लिहिलंय. मावशी म्हणाली, दोन तास. वन्सं म्हणाल्या, मग उरलेलं जातं कुठे, हे कधी कोणाला विचारलंत का?

"विचारायचं कोणाला?" मावशी म्हणाली. "चावी तर तुझ्याकडे होती."

हसू थांबलं. भिंतीला टेकलेले पुरुष सरळ झाले. साहेबांनी वन्संकडे न बघता छातीवरच्या खिशावर दोन बोटं टेकवली, सकाळी टेकवली होती तशीच, अगदी सावकाश. वन्संनी ते पाहिलं.

आता काय होणार ते पेन्सिलना माझ्या आधी कळलं. ते माझ्या बाजूने वाकले आणि पेटीच्या बटणाकडे हात नेला. मी काही विचार केला असं नाही. मी पेटीवर बसले. चांगली बसले, बटणासकट. माझं वजन बेताचं नाही, ते पहिल्यांदाच कुणाच्या कामी आलं.

वहिनी, जरा उठता का, पेन्सिल कानाशी म्हणाले. मी म्हटलं, पाय दुखतात हो. ते म्हणाले, फक्त एक मिनिट. मी म्हटलं, मिनिटभराने दुखायचे थांबणार आहेत का? त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे बघत राहिले, पण कान लाल झाले होते ते मला जाणवत होतं. आयुष्यात मी एवढ्या लोकांसमोर कधी बसलेही नव्हते.

वन्संनी चष्मा कपाळावर केला.

"साहेब, राहू द्या ते खिशात," त्या म्हणाल्या. माइक चालू होता, त्यामुळे हे सगळ्यांना ऐकू गेलं. आवाज चढलेला नव्हता. चेंबरच्या झाकणावर उभं राहून गर्दीला बाजूला व्हा म्हणायच्या, तेवढाच होता. साहेब खुर्चीतून अर्धे उठले आणि म्हणाले की ताईंची तब्येत ठीक दिसत नाही, सभा आपण उद्या घेऊ. कोणी जागचं हललं नाही. पाचला दोन मिनिटं उरली होती आणि बादल्यांवरून एकही बाई उठली नाही.

"माझी तब्येत ठणठणीत आहे," वन्सं म्हणाल्या. "आणि जीभही घसरलेली नाही. यात जिभेला कशाला ओढायचं? पाव तास झाला की खालची चावी मी आवळायचे. हे हात बघा, याच हातांनी. बावीस वर्षं. सुट्टीवर गेले तर बदलीवाल्याला बजावून जायचे की विसरू नको. तुमचं पाणी वर जायचं. वर चार इमारती आहेत. माझ्या भावाचं घर आहे. ती तिकडे पेटीवर माझी वहिनी बसलीय, तिच्या टाकीत जायचं. आजही दुपारी ती टाकी भरून वाहिली, मी स्वतः जाऊन बंद केली."

सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी मान खाली घालणार होते. घातली नाही. फाटकापाशी नवऱ्याने टोपी काढून हातात घेतली होती आणि तोही तसाच उभा होता, बघणाऱ्यांकडे बघत.

"तुला कोणी सांगितलं होतं गं असं करायला?" मावशीने विचारलं. तिचा आवाज आता वेगळाच होता, बारीक. इतकी वर्षं तिलाही ते माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि समोरच्याच्या तोंडून ऐकणं वेगळं.

साहेब पूर्ण उठले. पेन्सिलनी माझा दंड धरला, मग त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, सोडला.

"कागदावर कोणी दिलं नाही मावशी," वन्सं म्हणाल्या. "फोन यायचा. पाळीच्या आदल्या दिवशी, न चुकता. मी हो म्हणायचे, ती चूक माझी, ती माझ्या नावावर धरा. पण फोन," आणि त्या साहेबांकडे वळल्या, "फोन यांचा असायचा."